निजाम हे कुणाचं नाव नव्हतं

अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम एकाच घराण्यातले का? इतिहासावर कुठेही बोलायला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं असतात तसे पदवीधरही असतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. शब्द एकच, मुलूख शेजारचा, मराठवाड्याचा बराचसा भाग आधी एकाच्या आणि पुढे दुसऱ्याच्या अमलाखाली. मग नातं असणारच, असं कुणालाही वाटेल. नातं आहेही, पण ते रक्ताचं नाही, पदवीचं आहे.

निजाम-उल-मुल्क म्हणजे राज्याची घडी बसवणारा. या पदवीचा सर्वांत प्रसिद्ध धनी इराणातल्या तूसचा. त्याचं नाव हसन. सेल्जुक या तुर्की घराण्याच्या सुलतानांचा तो जवळजवळ तीस वर्षं वजीर होता आणि १०९२ मध्ये त्याचा खून झाला. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी बहमनी दरबारात मलिक हसन बहरी या सरदाराला हीच पदवी मिळाली. हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असं फिरिश्ता हा दख्खनचा फारसी इतिहासकार सांगतो. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून स्वतःचं राज्य उभं केलं आणि बापाची पदवी राजवंशाचं नाव झाली. आणखी सव्वादोनशे वर्षांनी, १७१३ मध्ये, दिल्लीचा मुघल बादशहा फर्रुखसियर याने मीर कमरुद्दीन नावाच्या तुराणी, म्हणजे मध्य आशियाई मुळाच्या सरदाराला तीच पदवी दिली. हैदराबादची गादी त्याची. म्हणजे एक इराणी वजीर, एक पाथरीच्या कुळातला सरदार आणि एक तुराणी उमराव. तिघांना जोडणारा धागा एवढाच, की तिघांनाही ती पदवी कुणीतरी वरच्याने दिली होती.

माझं म्हणणं याच शेवटच्या वाक्यापासून सुरू होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत, संग्रहालयांच्या पाट्यांवर, वर्तमानपत्रांत आणि भाषणांत या पदव्या विशेषनामांसारख्या वापरल्या जातात. आदिलशहा, कुतुबशहा, निजाम, अफजलखान, शायिस्ताखान, जहांगीर, पेशवा. नावं पाठ होतात, पण त्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी मागितलेलं आणि कुणीतरी दिलेलं, कधी नाकारलेलं, काहीतरी असतं ते दिसत नाही. पदवी कुणाची, कुणी दिली, का दिली, हे शिकवल्याशिवाय मध्ययुगातली सत्ता समजत नाही. हा तज्ज्ञांपुरता बारकावा आहे असं मला वाटत नाही. सातवीच्या मुलाला हे कळतं, आणि त्याला ते आवडतंही.

या व्यवहाराचं मूळ बगदादेत आहे. अब्बासी खलिफांचं राज्य दहाव्या शतकात पोखरलं गेलं होतं. प्रांत हातचे गेले, तिजोरी रिकामी झाली, खलिफाच्या रक्षणाला ठेवलेले सेनानीच त्याला उठबस करायला लावू लागले. ९४५ मध्ये उत्तर इराणातल्या दैलमच्या डोंगरी मुलखातला, बुवैही घराण्याचा अहमद नावाचा सरदार फौजेसह बगदादेत शिरला. त्याचं घराणं शिया आणि खलिफा सुन्नी. तरीही अहमदने खलिफापद मोडलं नाही. त्याने खलिफा मुस्तक्फीकडून पदव्या घेतल्या. तो स्वतः झाला मुइज्ज-उद-दौला, दौलतीची प्रतिष्ठा वाढवणारा. एक भाऊ झाला इमाद-उद-दौला, दौलतीचा आधार. दुसरा रुक्न-उद-दौला, दौलतीचा खांब. दीड महिनाही उलटला नसेल, तोच दौलतीची प्रतिष्ठा वाढवणाऱ्याच्या माणसांनी मुस्तक्फीला सिंहासनावरून ओढून खाली आणलं. पुढे त्याचे डोळे काढण्यात आले.

इथे क्षणभर थांबायला हवं. ज्याच्या हातात सगळं बळ आहे तो माणूस, ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही अशा माणसाकडून, कागदावर चार शब्द का मागतो? बळाने शहर घेता येतं, पण शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, नाव कसं यायचं, काझीने निवाडा कुणाच्या नावाने द्यायचा, सराफाने नाणं कुणाच्या भरवशावर घ्यायचं, हे बळाने ठरत नाही. ते मान्यतेने ठरतं, आणि मान्यता देण्याचा हक्क अजून खलिफाकडे होता. त्या काळातली पदवी म्हणजे अशा मान्यतेची पावती. आपल्याकडच्या ‘दौलत’ या शब्दाचं मूळही याच ‘दौला’त आहे. पेशवाईच्या पत्रांत दौलत म्हणजे राज्य. आज तिचा अर्थ पैसाअडका एवढाच उरला आहे, पण बगदादेच्या दरबारात जन्मलेला तो शब्द मराठी कारभाऱ्यांच्या लेखणीत कित्येक पिढ्या नांदला.

पावत्या फार फाडल्या की त्यांची किंमत उतरते. अल-बिरूनी या विद्वानाने इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या सुमारासच हे लिहून ठेवलं. अब्बासींनी मित्र-शत्रू न पाहता सगळ्यांना दौलाच्या पदव्या वाटल्या, एकाला दिली तशी दुसऱ्याला द्यावी लागली, मग दुहेरी, मग तिहेरी, आणि त्यांचं राज्य लयाला गेलं, असा त्याचा रोख. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क यानेही आपल्या ‘सियासतनामा’ या ग्रंथात पदव्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्याची तक्रार तीच, पदव्या कुणालाही मिळू लागल्या आणि म्हणून त्यांचं वजन गेलं. ज्याची स्वतःची पदवी पुढे सहा-सात शतकं हातोहात फिरली, त्यानेच हे लिहावं, हे मला फार बोलकं वाटतं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती अल-मावर्दीची गोष्ट. तो बगदादचा मोठा न्यायशास्त्री. बुवैही अमीर जलाल-उद-दौला याच्याशी त्याची चांगली जवळीक होती. १०३७-३८ च्या सुमारास या अमिराला ‘मलिक-उल-मुलूक’, राजांचा राजा, अशी पदवी खुतब्यात हवी झाली. इराणच्या जुन्या सम्राटांच्या ‘शहेनशाह’ या बिरुदाचं ते अरबी रूप. मशिदीत ती वाचली गेली तेव्हा लोक खवळले, खुतबा वाचणाऱ्यांवर विटा फेकल्या गेल्या. राजांचा राजा एक अल्लाच, असं लोकांचं म्हणणं. मत मागवलं तेव्हा अनेक शास्त्र्यांनी शब्दांच्या वाटा काढून अमिराला मोकळीक दिली. मावर्दीने दिली नाही. जो मित्र आहे, ज्याच्या दरबारात मान आहे, त्याच्याच विरुद्ध त्याने मत दिलं आणि दरबारात जाणं बंद केलं. अमिराने त्याला बोलावून घेतलं आणि या निर्भीडपणाबद्दल त्याचा मान आणखी वाढवला, असं इतिहासकार सांगतात. इस्लामी साम्राज्यांत राजाच्या शब्दापुढे कुणी ब्र काढत नसे, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. एका पदवीवरून अख्खं शहर पेटलं आणि न्यायशास्त्र्याने मित्राला नाही म्हटलं, हे ज्या मुलाने वाचलं आहे त्याची तशी समजूत होणार नाही.

‘सुलतान’ हा शब्द मुळात माणसाचा नव्हताच. अरबीत त्याचा अर्थ सत्ता, अधिकार. हळूहळू ज्याच्या हाती सत्ता त्यालाच सुलतान म्हणू लागले. १०५५ मध्ये सेल्जुक तुघ्रिल बेग बगदादेत आला तेव्हापासून ही खलिफाने मानलेली रीतसर पदवी झाली. पण तिचं वजनही जागेगणिक बदलत गेलं. दिल्लीत सुलतान म्हणजे सर्वोच्च राजा आणि खान हा त्याचा सरदार. सफवी इराणात याच्या उलट, तिथे शहाच्या हाताखाली मोठ्या प्रांताचा अधिकारी खान आणि त्याहून खालचा सुलतान. मंगोलांच्या मुलखात तर खान म्हणजेच राजा. शब्द तोच ठेवून माणसाला कुठे नेऊन बसवलं, हे दरबार बघितल्याशिवाय कळत नाही.

दिल्लीच्या नाण्यांची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. सुलतान अल्तमशला १२२९ मध्ये बगदादेहून खलिफाची खिलत, म्हणजे सन्मानाचा पोशाख, आणि मान्यता आली, तो दिवस दिल्लीने सणासारखा साजरा केला. मग १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटलं आणि खलिफा मुस्तअसिमला ठार मारलं. दिल्लीच्या टांकसाळीत मात्र त्याचंच नाव उमटत राहिलं. सुलतान बल्बनच्या नाण्यांवर ते आहे, १२९६ मध्ये मारल्या गेलेल्या जलालुद्दीन खिलजीच्या नाण्यांवरही आहे. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं मेलेला माणूस दिल्लीच्या सुलतानाला मान्यता देत होता. बल्बनला बातमी ठाऊक नव्हती असं नाही, बगदादेहून पळालेले कितीतरी लोक त्याच्याच आश्रयाला आले होते. त्या जागी लिहायला दुसरं नावच नव्हतं, आणि जागा रिकामी ठेवण्याची हिंमत नव्हती. असं नाणं पेटीत ठेवून खाली नुसतं ‘बल्बनचे नाणे’ लिहिलं, तर त्या नाण्याची गोष्टच सांगायची राहते.

कैरोतल्या शजर-उद-दुर्र या राणीची पदवी तर एकट्या शब्दांतून तिचं अख्खं आयुष्य सांगते. नवरा, सुलतान सालिह, १२४९ मध्ये ऐन युद्धात वारला, तेव्हा तिने त्याचं मरण लपवून राज्य सांभाळलं. पुढच्या वर्षी ती स्वतः गादीवर आली आणि सुमारे ऐंशी दिवस टिकली. नाण्यांवर तिने स्वतःचं नाव घातलं नाही. तिथे येतं ते असं: मुस्तअसिमची, सालिहची, मुसलमानांची राणी, खलीलची आई. आधी खलिफा, मग नवरा, शेवटी मुलगा. हा खलील लहानपणीच वारला होता. राज्य करायला समर्थ असलेल्या बाईला तीन पुरुषांच्या आधारे उभं राहावं लागलं आणि त्यातला एक या जगात नसलेलं मूल होतं. खलिफाने तरीही तिला मान्यता दिली नाही.

मुघलांच्या बाबतीत आपल्याला वाटतं की नावं तरी पक्की माहीत आहेत. नाहीत. तैमूरचे वंशज गादीवर असले तरी स्वतःला मिर्झा म्हणवत. बाबरने १५०७ मध्ये काबूलमध्ये हुकूम केला की यापुढे मला पादशहा म्हणावं, हे त्याने आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. तेव्हा त्याच्याकडे हिंदुस्थानची वीतभर जमीन नव्हती, होती ती इतर तैमुरी भाऊबंदांपेक्षा वरचं स्थान सांगण्याची गरज. त्याच्या पणतूचं नाव सलीम. रूमच्या, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या, सुलतानांच्या नावाशी गोंधळ नको म्हणून १६०५ मध्ये गादीवर येताना त्याने जहांगीर, जग जिंकणारा, हे नाव घेतलं. हाच जहांगीर आपल्या आठवणींत विजापूरच्या राजाचा उल्लेख आदिलखान असा करतो, आदिलशहा असा नाही. विजापूरकर स्वतःला शहा म्हणवत होते. इराणच्या शहाच्या वकिलाने इस्माईल आदिलला स्वतंत्र राजा म्हणून संबोधलं तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता, ते फिरिश्त्याने लिहिलं आहे. पण दिल्लीच्या लेखी तो एक खान. ‘शहा’ की ‘खान’ या दोन अक्षरांत दख्खनच्या स्वातंत्र्याचा सगळा वाद भरलेला आहे. आपली पुस्तकं सरसकट ‘आदिलशहा’ छापतात आणि तो वाद पुसून टाकतात.

महाराष्ट्रात ज्यांची नावं पोराटोरांच्या तोंडी आहेत त्यांचंही तेच. अफजल म्हणजे श्रेष्ठ, हा किताब. त्याचं नाव अब्दुल्ला होतं. शायिस्ता म्हणजे योग्य, लायक. लाल महालात बोटं गमावणाऱ्याचं नाव अबू तालिब. पन्हाळ्याला वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरला आदिलशहाने सलाबतखान केलं, सलाबत म्हणजे दरारा. हे नुसतं शब्दार्थाचं कौतुक नाही. दरबाराने किताब देऊन मोहिमेवर पाठवलेला माणूस हरून परत आला की तो किताब त्याच्या गळ्यातला फास होतो. सिद्दी जौहरचा शेवट आठवून बघा.

या पार्श्वभूमीवर १६७४ चा रायगड वेगळाच दिसू लागतो. शिवाजी महाराज या व्यवहाराच्या बाहेरचे नव्हते, ते त्यात मुरलेले होते. शहाजीराजे निजामशाहीत आणि आदिलशाहीत वावरलेले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब आली. १६६८ मध्ये औरंगजेबाने महाराजांना ‘राजा’ हा किताब मान्य केला. तो किताब पुरेसा का वाटला नाही, हा प्रश्न वर्गात विचारायलाच हवा. उत्तर पदवीच्या व्याकरणातच आहे. जो देतो तो वरचा, आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. ६ जून १६७४ रोजी महाराजांनी अशी पदवी घेतली जी कुणा बादशहाने दिलेली नव्हती. अभिषेकाने आलेलं छत्रपतिपद काढून घ्यायला वर कुणी दरबारच नव्हता. त्याचबरोबर पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. त्यासाठी राज्यव्यवहारकोश हा कारभारातल्या शब्दांचा संस्कृत कोश तयार करवून घेतला. फारसी-अरबी शब्दांना पर्याय देणं हे भाषाप्रेम होतंच, पण त्याहून अधिक ते राजनीतीचं पाऊल होतं. मान्यतेचा उगम आता बगदाद नाही, दिल्ली नाही, विजापूरही नाही, हे एकेका पदाच्या नावातून सांगणं होतं.

आणि तरी ‘पेशवा’ हा शब्द गेला नाही. पुण्याच्या प्रधानांच्या शिक्क्यात आधी शाहू राजाचं नाव आणि मग स्वतःला ‘प्रधान’ असं म्हटलेलं असे. लोकांच्या तोंडी मात्र ते पेशवेच राहिले.

पुढचं वळण मला अधिक विचार करायला लावतं. १७८४ मध्ये दुसऱ्या शाह आलमकडून महादजी शिंद्यांनी वकील-इ-मुतलक हे साम्राज्याचं सर्वाधिकारपद मिळवलं, ते पेशव्यांच्या नावे. आपण त्यांचे नायब, म्हणजे दुय्यम, राहिले. चार वर्षांनी गुलाम कादिरने त्याच शाह आलमचे डोळे काढले, आणि महादजींनी त्याला पुन्हा गादीवर बसवलं. १७९२ मध्ये त्या आंधळ्या बादशहाची फर्मानं आणि पोशाख घेऊन महादजी पुण्यात आले. बगदादेतला मुस्तक्फी आणि दिल्लीतला शाह आलम यांच्यात साडेआठशे वर्षांचं अंतर आहे, पण चित्र जवळजवळ एकच. पुण्यात मात्र या सोहळ्याला विरोध झाला. बादशहाने दिलेल्या किताबांत ‘महाराजाधिराज’ होतं, आणि ते छत्रपतींच्या प्रधानाने कसं घ्यायचं, असा आक्षेप होता. शेवटी साताऱ्याची परवानगी आणूनच दरबार भरला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या हातात तेव्हा कारभार कितपत उरला होता, हे सर्वांना ठाऊक होतं. तरी विचारावं लागलं. मावर्दीच्या बगदादेत जो प्रश्न होता तोच पुण्यात होता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला शिक्षकांचा, मुलांवर आधीच सनावळ्यांचं ओझं आहे, त्यात ही भर कशाला? मला वाटतं ओझं याने कमी होतं. ‘मलिक अहमद, बापाची पदवी निजाम-उल-मुल्क, बहमनी सुलतानाने दिलेली’ एवढी एक ओळ निजामशाही आली कुठून हे सांगून जाते. दुसरा आक्षेप अधिक तिखट असतो. परक्या दरबारांच्या पदव्यांचं एवढं कौतुक कशाला? हे कौतुक नाही, चौकशी आहे. आणि परकं म्हणताना आपल्याच दारावरच्या पाट्या वाचाव्यात. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, मुजुमदार, सरनोबत, डबीर, जहागीरदार, इनामदार, मोकाशी. ही सगळी कुणाच्या तरी दफ्तरातली पदं आहेत. ज्या मुलीचं आडनाव मोकाशी आहे तिला आपल्या घराण्याला कधीकाळी कुठल्या तरी गावाचा वसूल तोडून मिळाला होता, हे कळलं तर इतिहास तिच्या घरातून सुरू होतो.

आणखी एक गोष्ट या चौकशीतून आपोआप दिसते. शिया बुवैहींनी सुन्नी खलिफाकडून पदव्या घेतल्या. विजापूरने दिल्लीला टाळून इराणकडे पाहिलं. अंबरचा राजपूत जयसिंग ‘मिर्झाराजा’ झाला. पुण्याच्या ब्राह्मण प्रधानाने मुघल बादशहाचा पोशाख अंगावर चढवला. ‘इस्लामी सत्ता’ असा एक सलग डोंगर आपण मनात उभा करतो, पण जवळ गेल्यावर तिथे शेकडो वाटा, खिंडी आणि वैरं दिसतात. तो डोंगर सलग ठेवण्यात ज्यांचं हित आहे, ते दोन्ही बाजूंना आहेत. पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्यांच्या सोयीने लिहू नये.

म्हणून मागणी साधी आहे. पाठ्यपुस्तकात राजा किंवा सरदार पहिल्यांदा येईल तिथे त्याचं स्वतःचं नाव, मग पदवी, तिचा मराठी अर्थ, आणि ती कुणाकडून आली ते. संग्रहालयात नाण्याखालच्या पाटीवर नाण्यावरचा पूर्ण मजकूर मराठीत. एवढं केलं तरी हैदराबादची नाणी स्वतःच बोलू लागतील. मीर कमरुद्दीनने १७२४ मध्ये बुलढाण्याच्या साखरखेर्ड्याला मुबारिझखानाला हरवलं तेव्हापासून दख्खन त्याच्या मुठीत होतं. तरी तो आणि त्याचे वारस सव्वाशेहून अधिक वर्षं दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने नाणी पाडत राहिले. १८५७ नंतर दिल्लीत बादशहाच उरला नाही. तेव्हा हैदराबादच्या टांकसाळीने त्याचं नाव काढलं आणि त्या जागी जे कोरलं, ते राज्य करणाऱ्या माणसाचं नाव नव्हतं. तिथे आलं ‘आसफजाह निजाम-उल-मुल्क बहादुर’, दिल्लीने पहिल्या निजामाला कधीकाळी दिलेले किताब.